कारखान्यामागचे कारखाने

२० ऑक्टोबर २०१७ रोजी ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या एलिझाबेथच्या होल्डन कारखान्यातून लाल रंगाची शेवटची कमोडोर बाहेर पडली आणि ऑस्ट्रेलियातले मोटारींचे मोठे उत्पादन संपले. सतराच दिवस आधी मेलबर्नजवळच्या आल्टोनात टोयोटाने काम थांबवले होते. फोर्ड वर्षभरापूर्वीच गेली होती.

१९८०च्या दशकात तिथे परदेशी गाडीवर ५७.५ टक्के जकात होती. २०१०मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. सगळा दोष जकातीचा नाही. बाजारपेठ लहान होती, तिथला डॉलर वधारला होता, सरकारनेही हात आखडता घेतला. पण थायलंडशी झालेला, २००५पासून लागू असलेला करार जरूर पाहावा. तिकडचे पिकअप ट्रक ऑस्ट्रेलियात भराभर आले. फोर्डची टेरिटरी तिकडे जायची होती, मात्र थायलंडने मोठ्या इंजिनांवरचा अंतर्गत कर तसाच ठेवला आणि जकात उठूनही ती गाडी तिथे महागच राहिली.

मला जास्त अस्वस्थ करते ते टोयोटाचे जाणे. होल्डन बंद होणार हे डिसेंबर २०१३मध्ये जाहीर झाले आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांचे गणित विस्कटले. एकट्या टोयोटाच्या कामावर त्यांचे भागणार नव्हते आणि त्यांच्यावाचून टोयोटाचे. दोनच महिन्यांत टोयोटानेही निर्णय जाहीर केला.

हे वाचताना मला पुण्याजवळची, सुटे भाग बनवणारी भोसरी दिसते. पत्र्याची शेड, दोन-तीन पॉवर प्रेस, तेलाने काळवंडलेली फरशी आणि कंपनीकडून दर महिन्याला येणारे शेड्यूल. ते कमी झाले की आधी दुसरी पाळी बंद होते, मग कंत्राटी पोरांना ‘सोमवारी फोन करतो’ असे सांगितले जाते. कारखाना बंद पडत नाही, त्यामुळे बातमीही होत नाही.

जुलै २०२५मध्ये भारताने ब्रिटनशी केलेल्या करारानुसार मोटारींवरची १०० टक्क्यांहून अधिक जकात ठरावीक कोट्यापुरती १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. महागड्या गाड्यांमुळे चाकणच्या मोटार कारखान्यांचे काम लगेच जाणार नाही, हे खरे. पण एकाला दिलेली सवलत पुढचा प्रत्येक देश मागतो. तेव्हा समोरच्याचे अंतर्गत कर आधी तपासावेत आणि पुरवठादाराला नवी यंत्रे घ्यायला स्वस्त कर्ज व पुरेशी वर्षे द्यावीत. ऑस्ट्रेलियात पुरवठादारांना दुसऱ्या कामाकडे वळण्यासाठीची मदत मुख्यतः कारखाने बंद होण्याच्या घोषणेनंतर आली. भोसरीच्या प्रेसवाल्याला ती शेड्यूल घटण्याआधी हवी आहे.