घाट कोणाचा?

सिंहस्थ जवळ आला म्हणजे राज्यकर्त्यांना गोदाघाटाची आठवण होते. तो सरला म्हणजे घाट पुन्हा नाशिककरांच्या आणि सांडपाण्याच्या स्वाधीन होतो. २०२६-२८ च्या सिंहस्थपर्वानिमित्त निधीची, रस्त्यांची आणि गर्दीच्या नियोजनाची पुष्कळ चर्चा झाली. परंतु पर्व संपल्यावर पुढच्या पर्वापर्यंत हा घाट कोणाचा, हा प्रश्न तीत फारसा कोणी विचारला नाही.

गर्दीची चिंता अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा बळी गेला. त्यानंतर सुरक्षिततेची हेळसांड करणे हा अपराधच ठरेल. तथापि त्याच पर्वाच्या तयारीत नदीच्या तळाला काँक्रीटचे अस्तर पडले, जुनी कुंडे त्याखाली गाडली गेली आणि जिवंत झऱ्यांची तोंडे बुजली. पाहुण्यांच्या सोयीसाठी यजमानाने आपली विहीर बुजवावी, तसाच हा प्रकार झाला. ते काँक्रीट निघावे म्हणून नागरिकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. उन्हाळ्यात रामकुंड भरण्यासाठी गंगापूर धरणाचे पाणी सोडावे लागते, यातच सारे आले. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले ते या पूर्वानुभवामुळेच. त्यांना धर्मविरोधी म्हणणे सोपे आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढणे तितके सोपे नाही.

गोदाकाठ हे केवळ प्रेक्षणीय स्थळ नव्हे. येथे दर बुधवारी बाजार भरतो. १९२२ पासून चालत आलेली वसंत व्याख्यानमाला याच काठावर श्रोते जमवते. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. चैत्रात रामरथ व गरुडरथ निघतात; रामरथ नदी ओलांडत नाही, हा संकेत शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. सार्वजनिक स्थान सर्वांचे की काहींचे, हा प्रश्न तर २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने याच पंचवटीत साऱ्या देशापुढे मांडला. अशा शहराला घाटाविषयी विचारल्यावाचून घाटाचे आराखडे होऊ नयेत, ही अपेक्षा अवास्तव खास नाही.

आमच्या मते तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली, पात्रात मिसळणारे नाले अडविल्यावाचून सुशोभीकरणावर खर्च होऊ नये. सांडपाण्याच्या काठी लावलेल्या दिव्यांनी नदी पवित्र होत नाही. दुसरी, सिंहस्थाच्या प्रत्येक कामाचा साध्या दिवशी उपयोग काय, याचे उत्तर मंजुरीपूर्वीच जाहीर व्हावे. तिसरी, बाजारातील विक्रेत्यांना अडथळा समजून हुसकावण्याऐवजी त्यांना पाणी, सावली आणि स्वच्छतागृहे मिळावीत. यांत यात्रेकरूंचे नुकसान काहीच नाही. दूरदेशाहून येणारा भाविक वाहत्या गंगेसाठी येतो, काँक्रीटच्या हौदासाठी नव्हे.

दोष केवळ अधिकाऱ्यांचा आहे, असेही नाही. निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावणारा हात आपलाच असतो. बारा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी घर सजवायचे आणि एरवी अंगणात कचरा टाकायचा, ही रीत कोणत्याही सुसंस्कृत कुटुंबाला शोभणारी नाही.

पूर किती चढला हे सांगायला घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले की सारे शहर सावध होते. नदी किती खालावली हे सांगणारी मूर्ती मात्र कोणी उभारलेली नाही. ते काम नाशिककरांनाच करावे लागेल, आणि तेही सिंहस्थाची वाट न पाहता.