पाय धुणाऱ्यांच्या खुर्च्या

‘सेवक नेतृत्व’ या विषयावरची आणखी एक कार्यशाळा मला सोसणार नाही. मंचावर सोफे, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर साहेबांचा चेहरा येशूच्या चेहऱ्यापेक्षा वीतभर मोठा. नम्रतेवर व्याख्यान संपले की साहेबांची बॅग उचलायला दोन तरुण धावतात. (त्यांचे ‘ख्रिस्ती शील’ घडते ते तिथेच, व्याख्यानात नव्हे.) पवित्र गुरुवारी हेच साहेब बारा जणांचे घरूनच साबणाने धुऊन आणलेले पाय धुतात, फोटो हलला तर पुन्हा धुतात. सोमवारी मंडळीच्या जमिनीचा व्यवहार, शाळेतल्या नेमणुका, चेकवरची सही, सारे त्यांच्याच मुठीत. हिशेब मागणारा फूटपाड्या ठरतो आणि त्याच्यासाठी प्रार्थना सुरू होतात.

हे दुखणे नवे नाही. याकोब आणि योहान यांना प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा हव्या होत्या. मत्तय सांगतो, शब्द टाकायला त्यांची आईच आली. बाकीचे दहा चिडले. बहुधा आपला नंबर हुकला म्हणून.

ए. टी. अँड टी. या अमेरिकी कंपनीतून निवृत्त झालेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली सेवक-नेत्यावर निबंध लिहिला. आमचे कार्यशाळावाले त्याचाच रतीब घालतात. त्याच साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपे अमेरिकेतले शिक्षण आटोपून दुष्काळी जामखेडला आले. त्याची कार्यशाळा कोणी घेत नाही, कारण ते महागात पडेल. डॉक्टरकीचा खरा दरारा ‘हे मलाच कळते’ यात असतो, आणि आरोळ्यांनी नेमका तोच वाटून टाकला. गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांत दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, पाटीला कधी हात न लावलेल्या होत्या. त्यांना बाळंतपण शिकवले, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवले, पोरांची वजने घ्यायला शिकवले. ज्या बाईला गाव दारात उभे करत नव्हते, तिला सुईण म्हणून माजघरात बोलावू लागले. १९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोठे वाटते ते हे, की साध्या दुखण्याला डॉक्टरावाचून गावाचे अडेनासे झाले.

आमच्या किती धर्मपुढाऱ्यांवाचून मंडळीचे अडत नाही? आणि अडू नये म्हणून त्यांनी कोणाला तयार केले?

तेव्हा पुढच्या कार्यशाळेची पत्रिका मला धाडू नका. ट्रस्टचा तीन वर्षांचा तपासलेला ताळेबंद धाडा. सोबत चिठ्ठीत एवढे कळवा, की पुढचा अध्यक्ष मुलगा होणार, जावई की मेव्हणा.