बातमीतली ‘इराणी टोळी’ म्हणजे नेमके कोण?

यवतमाळ असो की पुणे, चेन स्नॅचिंग झाली की फीडवर ‘इराणी टोळी’ दिसतेच. मग इराणी चहावाले कोण?

ते वेगळे. कॅफेवाले बहुतेक झरतुष्ट्री. काजार काळातला छळ आणि दुष्काळामुळे १९व्या शतकापासून यझ्द-केरमानहून मुंबईत आले. धोबीतलावचं क्यानी १९०४ मधलं. कल्याणजवळ आंबिवलीच्या वस्तीतले इराणी मात्र शिया मुस्लिम. पूर्वज घोड्यांचे व्यापारी होते, असं ते सांगतात. घरात अजून फारसीची बोली चालते.

या वस्तीतल्या काहींवर गुन्हे दाखल आहेत, अटकेला गेलेल्या पोलिसांवर हल्लेही झालेत. ते लपवायचं कारण नाही. पण इतर आरोपींची जात आपण मथळ्यात टाकतो का? इथे मात्र कधीही चोरी न केलेल्या, इथेच जन्मलेल्या पोरालाही तोच शिक्का बसतो.