दाखला ही कॉलेजची जहागीर नाही

मेडिकलच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आपल्या तालुक्यात दोन प्रकारची पोरं दिसतात. एक पेढे वाटणारी. दुसरी, नीटला चांगले मार्क पडूनही तोंड लपवून फिरणारी. ही दुसरी पोरं वर्षभर इंजिनिअरिंगला बसलेली असतात आणि त्यांची कागदपत्रं कॉलेजच्या कपाटात अडकलेली असतात. आजची पोस्ट त्या कपाटाबद्दल आहे. ज्यांना झोंबेल त्यांनी खुशाल उत्तर द्यावं, फक्त नियम घेऊन यावं.

आधी "इंजिनिअरिंग सोडून डॉक्टर व्हायचंय? डोकं फिरलंय का?" असं विचारणाऱ्या काका-मामांसाठी थोडं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला अकरावीच्या फॉर्मवर आपण ग्रुप निवडायला लावतो. गणित बरं आहे ना, मग बायो सोड, बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घे, दोनशे मार्क हमखास. झालं. इथंच त्याचा मेडिकलचा रस्ता बंद व्हायचा. आता तसं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं, की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून पास केली तरी नीटला बसता येईल. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या फॉर्ममध्ये 'तुरळक विषय' असा प्रकार असतो, तो यासाठीच कामाला येतो. वयाची वरची अटसुद्धा २०२२ मध्ये निघाली. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी दिशा बदलायला सरकारची हरकत नाही. हरकत आहे ती आपल्या घरच्यांची आणि कॉलेजच्या ऑफिसची.

हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणत नाही. २०२४ ला २३ लाखांवर मुलांनी नीट दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखभराच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच सरकारी. खाजगीची फी ऐकून कंडक्टर, शिक्षक, दुकानदार असल्या आपल्यासारख्यांनी कानाला हात लावावेत अशी. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे. इंजिनिअरिंगवाल्या पोराचं फिजिक्स पक्कं असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. त्यामुळे क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवरचे फोटो बघून कुणी कॉलेज सोडू नये. पण ज्याने अभ्यास केला, मार्क मिळवले, सरकारी जागा मिळवली, त्याला अडवणारे तुम्ही कोण?

माझं दुकान फॉर्म भरण्याचं. सीईटी, नीट, स्कॉलरशिप, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दोन वर्षांपूर्वी एक पोरगं आलं होतं. वडील एसटीत कंडक्टर. पहिलं वर्ष इंजिनिअरिंगला काढलं, रात्री नीटचा अभ्यास केला, आणि सरकारी एमबीबीएसला नंबर लागला. हजर व्हायला मोजून पाच दिवस. कॉलेजने सांगितलं, उरलेल्या तीन वर्षांची फी भर, मग दाखला आणि मूळ गुणपत्रकं ने. लेखी मागितलं तर क्लार्क म्हणाला, "लेखी काही मिळत नसतं." प्राचार्य मीटिंगमध्ये. संस्थाचालक मुंबईला. चौथ्या दिवशी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून तडजोड म्हणून साठ हजार भरले, तेव्हा कपाट उघडलं. पावतीवर लिहिलंय 'विकास निधी'. कुणाचा विकास, ते विचारायची सोय नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोराला अडीचशे किलोमीटरवर हजर व्हायचं होतं.

याला माझ्या भाषेत खंडणी म्हणतात.

कारण नियम स्वच्छ आहे. यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली: मूळ प्रमाणपत्रं पडताळायची आणि लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. फी परत किती द्यायची त्याचंही कोष्टक त्यात आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला महिना उलटला की परतावा शून्य, म्हणजे भरलेली फी बुडाली. तेही मान्य करू. पण न शिकलेल्या वर्षांची फी? एआयसीटीईच्या मान्यतेच्या नियमांतच लिहिलंय की प्रवेश रद्द करणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागायची नाही. ज्या कागदावर कॉलेज चालतं, त्याच कागदावर.

संस्थाचालकांचं म्हणणं ठरलेलं आहे: पोरगं गेलं की जागा चार वर्षं रिकामी, नुकसान आमचं. ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागा डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला देता येतात, हे तुम्हाला माहीत नाही होय? त्या जाहिराती तर तुम्हीच चौकात लावता. आणि समजा राहिली जागा रिकामी, तर तो तुमच्या धंद्यातला धोका आहे. बसमधून मध्येच उतरलेल्या माणसाकडून कुणी शेवटच्या स्टॉपचं तिकीट मागतं का? कंडक्टरच्या पोराकडून मात्र मागितलं.

यातून आणखी एक घाण तयार झालीये. कागद मिळत नाहीत म्हटल्यावर एजंट सांगतात, डुप्लिकेट काढ, आणि स्टॅम्पवर गॅपचं प्रतिज्ञापत्र कर की 'या वर्षात मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता'. म्हणजे डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराने पहिली सही खोट्या शपथेवर करायची! पुढे उघडकीला आलं तर प्रवेश जाणार त्याचा, एजंट आणि कॉलेज नामानिराळे. माझ्याकडे असलं टाइप करायला येतात. मी देत नाही. शेजारी कोण देतं ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे.

आणि मुलगी असेल तर विचारूच नका. कॉलेज कागद अडवतं आणि घरचे म्हणतात, बरंच झालं, आता डिग्री कर आणि लग्नाचं बघू.

या संस्था चालवणारे परके नाहीत. निवडणुकीला हात जोडून येतात, शिक्षणमहर्षी म्हणून सत्कार घेतात, आपणच फेटे बांधतो. पुढच्या सत्काराला कुणीतरी स्टेजसमोर उभं राहून विचारा, साहेब, तुमच्या कपाटात आज किती पोरांचे दाखले आहेत?

तोपर्यंत एक करा. तोंडी मागू नका. प्रवेश रद्दचा अर्ज दोन प्रतींत द्या, आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत विद्यापीठाला, एक एआयसीटीईला. फी मागितली तर लेखी मागा. पैसे भरायची वेळ आलीच तर पावती सोडू नका. अर्ज टाइप करायचे मी पैसे घेत नाही. दुकान सकाळी नऊला उघडतं.