सियालदहचा फलाट आणि अभ्यासक्रमाची चाळणी

सियालदह स्टेशनवरून बनगाव लोकल पकडली की दोन तासांच्या आत ठाकूरनगर येते. हे मतुआ समाजाचे केंद्र. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी याच सियालदहच्या फलाटांवर संसार मांडले होते. १९५० च्या दंगलींनंतर जे आले, त्यांत नामशूद्र शेतकरी आणि मच्छीमार मोठ्या संख्येने होते. १९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेवर निवडून दिले ते बंगालने, आणि त्यासाठी झटले ते याच नामशूद्र समाजाचे जोगेंद्रनाथ मंडल. आपण ज्या संविधानाची शपथ घेतो, त्याचा एक धागा असा या फलाटावर उतरलेल्या माणसांपर्यंत जातो.

मला हे शाळेत कोणी शिकवले नाही. मंडलांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते वस्तीतल्या जयंतीच्या भाषणात. भाषण करणारे काका सातवी शिकलेले होते. दहावीपर्यंतच्या इतिहासाच्या एकाही पुस्तकात जे मला सापडले नाही, ते त्यांच्याकडे होते. तेव्हापासून अभ्यासक्रम हा शब्द कानावर आला की मी आधी विचारतो, तो कोणी बनवला?

बी.एड.च्या वर्गात अभ्यासक्रमाचे आधार पाठ करून घेतात: तात्त्विक, सामाजिक, मानसशास्त्रीय. मग आराखड्याचे प्रकार येतात: विषयकेंद्री, विद्यार्थीकेंद्री, समस्याकेंद्री. त्यानंतर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांचे १९४९ सालचे चार प्रश्न. उद्दिष्टे कोणती? ती गाठायला मुलांना कोणते अनुभव द्यायचे? त्या अनुभवांची रचना कशी करायची? आणि उद्दिष्ट गाठले की नाही हे कसे तपासायचे? टायलर यांचे म्हणणे असे की उद्दिष्टे विद्यार्थी, समाजजीवन आणि विषयतज्ज्ञ या तिघांकडून गोळा करावीत आणि तत्त्वज्ञानाच्या व मानसशास्त्राच्या चाळणीतून गाळून घ्यावीत. मांडणी नीटनेटकी आहे. पण आपल्या देशात ती चाळणी कोणाच्या हातात राहिली, हे पेपरात विचारले जात नाही.

उत्तर शोधायला सियालदहहून फार लांब जायला नको. महात्मा गांधी रस्त्याने सरळ चालत गेले की पुस्तकांच्या दुकानांनी भरलेला कॉलेज स्ट्रीट लागतो आणि तिथे संस्कृत कॉलेज उभे आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर त्याचे प्राचार्य होते. विधवाविवाहासाठी आणि मुलींच्या शाळांसाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे, ते नाकारायचे कारण नाही. १८५५ साली त्यांचे ‘वर्णपरिचय’ आले आणि बंगालच्या कित्येक पिढ्या त्यावर अक्षरे गिरवत आल्या. पण याच विद्यासागरांनी १८५९ साली सरकारला लिहून कळवले की सरकारने वरच्या वर्गांच्या भरीव शिक्षणापुरतेच स्वतःला मर्यादित ठेवावे. ज्ञान वरून झिरपत खाली येईल, असा त्या काळचा समज होता. नामशूद्रांनी झिरपण्याची वाट पाहिली नाही. १८८० साली गुरुचाँद ठाकूरांच्या पुढाकाराने ओडाकांदीत शाळा उभी राहिली.

आता आपल्याकडे पाहा. ‘वर्णपरिचय’ आले त्याच १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने महार-मांगांच्या दुःखाचा हिशेब मांडला. तिचे स्वतःचे जगणेच तिथे अभ्यासाचा विषय झाले. आज शिक्षणशास्त्र ज्याला विद्यार्थीकेंद्री म्हणते, ते पुण्याच्या पेठेत तेव्हाच घडले होते.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. शिक्षकही शेतकरी वर्गातून तयार करा, हे त्यांनी सांगितले.

या यादीतल्या मोडीपाशी थोडे थांबावे. बाळबोध छापील पुस्तकाची लिपी, तर मोडी कागदपत्रांची. कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत, सावकाराचे कर्जरोखे मोडीत. मोडी वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवायचा आणि जमीन गमवायचा. ज्या कागदाने आपल्याला बांधले तो कागद आपल्या पोराला वाचता आला पाहिजे, हे मला या मागणीत दिसते. अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट याहून स्पष्ट कसे सांगणार?

म्हणून ‘स्थानिक ज्ञान’, ‘कौशल्य’, ‘हाताला काम’ हे शब्द आले की मी सावध होतो. जोतीरावांनीही शेतीचे शिक्षण मागितले होते, मग आक्षेप कशाला, असे कोणी विचारेल. फरक यादीत आहे. त्यांनी शेतीच्या बरोबरीने मोडी, हिशेब आणि इतिहास मागितला. उलट १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून ठोकून काढले, आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. हात तोच, काम तेच, पण एका आराखड्यात मूल कागद वाचायला शिकते आणि दुसऱ्यात बापाच्या जागी जाऊन बसते.

हा सगळा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०२२ मध्ये ओझे कमी करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने बारावीच्या राज्यशास्त्रातून जनआंदोलनांचा अख्खा धडा काढला. त्या धड्यात दलित पँथर होती. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मूल्यांच्या प्रकरणात मनुस्मृतीचा श्लोक आला. गदारोळ झाल्यावर सरकारने सारवासारव केली. श्लोक थोरांचा मान राखण्याबद्दलचा होता, त्यात काय वाईट, असेही सांगितले गेले. वाईट हे की १९२७ साली महाडला जो ग्रंथ जाळला, त्याच राज्यात मूल्य शोधायला कोणाचा तरी हात सर्वात आधी त्याच ग्रंथाकडे गेला. पँथर ओझे ठरते आणि मनू मूल्य ठरतो, ते याच चाळणीतून.

मग करायचे काय? हिल्डा टाबा यांनी १९६२ साली मांडले की अभ्यासक्रम खालून बांधावा: शिक्षकांनी आधी छोटे घटक तयार करावेत, वर्गात तपासावेत आणि त्यांतून मोठा आराखडा उभा करावा. आपण हे उद्याच सुरू करू शकतो.

गडचिरोलीतल्या चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांचे उदाहरण घ्या. बंगालच्या निर्वासितांना दंडकारण्यात पाठवले गेले, तशी काही कुटुंबे १९६० च्या दशकात इथेही वसवली गेली. आज तिथे नामशूद्र, माडिया गोंड आणि बौद्ध मुले शेजारी शेजारी राहतात. ‘आपण सगळे इथे कसे आलो?’ एवढ्या एका प्रश्नावर घटक उभा राहतो. नकाशावर सियालदह ते गडचिरोली रेघ ओढली की भूगोल आला. फाळणी आणि मंडल आले की इतिहास आला. वाटलेल्या जमिनीची मोजणी म्हणजे गणित. ही जमीन आदिवासींच्या मुलखातली होती, हा अवघड प्रश्न आला की नागरिकशास्त्र आले. दंडकारण्यातून परत फिरलेल्यांनी सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर वस्ती केली, तेव्हा त्यांनी स्वतःची शाळाही उभारली होती. १९७९ साली डाव्या आघाडीच्या सरकारने नाकेबंदी करून, गोळीबार करून ती वस्ती उठवली. हेही याच घटकात सांगावे लागेल, मग सरकार कोणत्याही रंगाचे असो.

माझी मागणी साधी आहे. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकांच्या समित्यांवर कोण बसले आहे, याची यादी सामाजिक प्रवर्गासह जाहीर करा. कोणता धडा का काढला, याचे कारण लेखी द्या. मसुद्यावर हरकती मागवताना ग्रामपंचायतीत आणि वस्तीतल्या समाजमंदिरात तो वाचून दाखवा. आणि आपल्यातले जे शिक्षक आहेत, त्यांनी वर्षाला एक घटक तरी स्वतः लिहावा.

जयंतीच्या मंचावरच्या सातवी शिकलेल्या काकांनी त्यांचे काम केले. आता शाळेने आपले करावे.

जय भीम, जय जोती.