कोवळमच्या लाटा आणि लाटांवरची पोरं

कोवळम दोन आहेत, हे आधीच सांगून टाकते. एक केरळातलं, तिरुवनंतपुरमजवळचं, ज्याची रंगीत पोस्टकार्डं आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. दुसरं तमिळनाडूतलं, चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर सुमारे चाळीस किलोमीटरवर. आज जायचं आहे ते या दुसऱ्या कोवळमला. हॉटेलची खोली राखून ठेवताना राज्याचं नाव नीट वाचा, नाहीतर सामान एका समुद्राकाठी आणि आपण दुसऱ्या, अशी गत व्हायची!

चेन्नईहून महाबलीपुरमला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या बस या गावावरून सरळ पुढे निघून जातात. उतरण्यासारखं इथे काय आहे? एक मच्छीमार गाव. एक जुनं चर्च, एक दर्गा, एक शिवमंदिर. इंग्रजांच्या कागदांत या गावाचं नाव ‘कोव्हलाँग’ असं सापडतं. इथे एक किल्ला होता, तो १७५२ साली क्लाइव्हने घेतला आणि पाडून टाकला. किल्ल्याच्या जागेवर आता मोठं पंचतारांकित हॉटेल उभं आहे. पण पहाटे सहाला किनाऱ्यावर येऊन उभं राहिलं, की या गावाची खरी गंमत कळते. एकीकडे रात्रीच्या होड्या परत येताहेत, बायका टोपल्या घेऊन भाव करताहेत, आणि त्याच पाण्यात शंभर हातांवर पंधरा-सोळा वर्षांची पोरं रंगीत फळ्यांवर पोटावर पडून लाटेची वाट पाहताहेत. लाट आली की दोन्ही हातांनी सपसप पाणी मारायचं, एका झटक्यात उभं राहायचं आणि लाट फुटेपर्यंत तिच्या अंगावरून घसरत यायचं. हेच सर्फिंग.

हा खेळ मूळचा हवाई आणि प्रशांत महासागरातल्या बेटांचा. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या हवाईच्या ड्यूक काहानामोकूने तो जगभर नेला. ऑलिंपिकमध्ये यायला मात्र त्याला टोकियोची वाट पाहावी लागली. ती स्पर्धा २०२१ साली झाली. आपल्याला तो परदेशी गोऱ्यांचा खेळ वाटतो खरा, पण कोवळमच्या पोरांना तसं वाटायचं कारण नाही. इथल्या कोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची होडी म्हणजे चार-पाच ओंडके दोरांनी बांधलेला तराफा. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. त्या ‘कट्टुमरम’वरूनच इंग्रजीत ‘कॅटामरान’ हा शब्द गेला. फुटणाऱ्या लाटेतून हा तराफा उभ्याने बाहेर काढायचा आणि लाटेवरूनच परत आणायचा, हे ज्यांचं रोजचं काम, त्यांच्या पोरांना तोल शिकवायला कोणी हवाईहून यायला नको.

फळी मात्र बाहेरून आली. याच गावचे मच्छीमार मूर्ती मेगवन आधी हौसेने लाटांवर उभे राहायला शिकले, मग गावातल्या पोरांना शिकवू लागले, आणि मित्रांच्या मदतीने २०१२ साली इथे सर्फिंगची शाळा निघाली. नंतर स्पर्धा सुरू झाल्या, हॉटेलं निघाली, बाहेरची माणसं येऊ लागली. ज्या पोरांच्या नशिबात बापाची होडी आणि तिचं कर्ज एवढंच होतं, त्यांना प्रशिक्षक म्हणून पगार मिळू लागला. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामीने हाच किनारा झोडपला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या पगाराचं मोल कळतं. त्या दिवसानंतर कितीतरी घरांतल्या आयांनी पोरांना पाण्याच्या जवळ जाऊ द्यायचं नाकारलं असणार. आज त्याच किनाऱ्यावर पोरं तुमच्या-आमच्या मुलांचा हात धरून पाण्यात उतरतात.

आणि मुलींचं काय? पुढे महाबलीपुरमला कमली मूर्ती नावाची मुलगी आहे. समुद्रकिनारी छोटा धंदा करणाऱ्या आईची लेक. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्याकडे पाठ फिरवून आईने तिला फळीवर उभं राहू दिलं. त्या मायलेकींवरचा ‘कमली’ हा लघुपट ब्रिटनच्या ‘बाफ्टा’ पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचला. भारताची पहिली महिला सर्फर म्हणून जिचं नाव घेतात ती इशिता मालवीय तर आपल्या मुंबईची. ती कर्नाटकात मणिपालला शिकायला गेली आणि तिथल्या किनाऱ्यावर फळी हाती आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमलाच आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली. तिथे रमेश बुदिहाळने ब्राँझपदक मिळवलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आपण संसारी माणसं, पोहणं शाळेत असताना शिकलेलं, आपल्याला हे जमेल का? जमेल. पहिला धडा वाळूवरच असतो. फळीवर पालथं पडायचं, छातीजवळ हात टेकायचे आणि उडी मारून उभं राहायचं. वाळूवर हे दहा-वीसदा केलं की मांड्या बोलू लागतात. मग कमरेएवढ्या पाण्यात न्यायचं. नवशिक्यांची फळी मऊ आणि चांगली आठ-नऊ फूट लांब असते, म्हणजे लागत नाही आणि लवकर उलटत नाही. घोट्याला एक दोरी बांधतात, त्यामुळे पडलात तरी फळी लांब जात नाही. प्रशिक्षक मागून ढकलतो आणि ओरडतो, ‘एळु!’ म्हणजे ऊठ. पहिल्या दिवशी गुडघ्यांवर आलात तरी पुष्कळ. मुलं मात्र तासाभरात उभी राहतात आणि आईबाबांकडे दयेने पाहतात. लाजायचं कारण नाही. या किनाऱ्यावर सगळ्यांना ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ म्हणतात, आणि पडलेल्या अक्काला कोणी हसत नाही.

पण एक गोष्ट मी जरा कडकच सांगणार आहे. पूर्व किनाऱ्याचा समुद्र आपल्या कोकणातल्या उथळ, पसरट पुळणींसारखा नाही. पुष्कळ ठिकाणी दहा पावलांत तळ सुटतो. चेन्नईच्या मरीनावर आंघोळीला मनाई आहे ती उगाच नाही. आणि कोकणाचा तरी भरवसा कुठे? २०१६ साली मुरुडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, ते आपण विसरलेलो नाही. पाण्याला ओढ असते असं कोकणातली जाणती माणसं म्हणतात. ती ओढ म्हणजे काय, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या बांधांमधल्या एखाद्या खिंडीतून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं. म्हणजे नेमकी जी जागा पाहून आपण ‘इथे मुलांना उतरवू, इथे लाटा नाहीत’ म्हणतो, तीच सगळ्यात वाईट!

त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हात मारू नका. चांगला पोहणाराही तिच्यापुढे दमतो, आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. ती खाली खेचत नाही, बाहेर नेते. पाठीवर तरंगत राहा, एक हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं पोहा. पट्टा ओलांडला की लाटाच तुम्हाला परत आणतात. बुडणाऱ्यामागे घरातल्या दुसऱ्याने नुसती उडी घेऊ नये. काहीतरी तरंगणारं फेकावं आणि कोळ्यांना हाक मारावी. साडी, सलवार, जीन्स घालून कमरेच्या पुढे जाऊ नये, कारण भिजलेलं कापड पायांत अडकतं. आणि रोज सकाळी पाण्यात पाय घालण्याआधी एखाद्या कोळ्याला किंवा प्रशिक्षकाला विचारावं, ‘अण्णा, आज कुठे उतरू?’ भाषा येत नसली तरी तो हाताने दाखवतो. विचारायला कमीपणा वाटणारे पुरुष प्रत्येक सहलीत एखादा तरी असतातच. त्यांना बायकांनी किनाऱ्यावर पिशव्या सांभाळायला बसवावं.

कोवळमच्या किनाऱ्याला २०२१ साली स्वच्छता आणि सुरक्षिततेचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. त्या आखलेल्या पट्ट्यात कपडे बदलायच्या खोल्या वगैरे सोयी झाल्या. लहान मुलं बरोबर असतील तर तिथेच थांबणं शहाणपणाचं.

पाणी पुरे झालं की आसपास दोन दिवस सहज जातात. मुट्टुकाडूच्या खाडीत नौकाविहार, जवळच दक्षिणेतल्या जुन्या घरांचं ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय, पुढे १९७६ साली रोम्युलस व्हिटेकर यांनी सुरू केलेली मगरींची बँक. मुलं तिथून निघायला तयार होत नाहीत. महाबलीपुरमचे पल्लवांचे रथ आणि किनाऱ्यावरचं मंदिर सकाळी लवकर पाहा, दगड तापायच्या आत.

जायचं कधी? ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिथे सुरू होतो, आणि वादळंही त्याच दिवसांत. शिकणाऱ्यांना जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंतचा काळ बरा, तेव्हा लाटा मवाळ असतात. याच दिवसांत समुद्री कासवं रात्री अंडी घालायला या किनाऱ्यावर येतात. मोठ्या लाटा हव्या असतील तर मे ते ऑगस्ट, पण मग ऊन सोसायची तयारी हवी आणि पाण्यात फक्त सकाळी. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा विस्कटतात.

मुंबईहून चेन्नईला रेल्वेने साधारण एक दिवस लागतो, पुढे बस किंवा टॅक्सी. महाबलीपुरमला रेल्वे स्टेशन नाही, जवळचं चेंगलपट्टू. सामानात लांब बाह्यांचा घट्ट टी-शर्ट, खोबरेल तेल आणि जास्तीचे टॉवेल घ्या. संध्याकाळी किनाऱ्यावर सुंडल मिळतं. उकडलेले वाटाणे, वरून कैरी आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे. लाटांवरून पडून आलेल्या मुलांना एक पुडी पुरत नाही, आधीच दोन-दोन सांगून ठेवा.