वाघाच्या कॉलरीचा सवाल दंडारीत येऊ द्या!



संशोधनासाठी वाघाला बेशुद्ध करून गळ्यात रेडिओ कॉलर घालायची तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम १२ खाली परवानगी लागते. मुख्य वन्यजीव रक्षक सही करतात, वाघासाठी केंद्राची पूर्वसंमतीही लागते. रास्त आहे. पण ज्याच्या धुऱ्यावरून तो वाघ जातो, त्या शेतकऱ्याला या कागदांत कुठेच जागा नाही. गावात उरते ती अफवा.

एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात श्रीनिवास हा वाघ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, ब्रह्मपुरीतून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात तशीच गेली. दोघांच्याही गळ्यात कॉलर होती! वाघ कुठे फिरतो ते यंत्र सांगतं. तार कुठे लागते ते गावच सांगू शकतं. पण गावाशी बोलायचं कोणी?

सरकारी बोलणं म्हणजे फलक आणि भिंतीवरच्या घोषणा. फार तर पथनाट्य: कचेरीत लिहिलेलं, गावकरी अडाणी आणि साहेब शहाणा. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या दंडारीला, या लोकनाट्याला, असल्या संहितेची गरज नाही. खडी गंमत या आपल्या दुसऱ्या लोकनाट्यातला सोंगाड्या पाटलालाही सोडत नाही. पोळ्याच्या सणाला टोमणेदार झडत्या म्हणणारं गाव शास्त्रज्ञापुढेच मुकं का?

असा खेळ लावा. संशोधकानं गुराख्याचं सोंग घ्यावं, मोहफुलं वेचणाऱ्या बाईनं वन्यजीव रक्षकाचं. अर्जावर तिनं विचारावं: इंजेक्शननं वाघाचा श्वास अडकला तर? पट्ट्यानं मान सोलली तर? काढणार कधी? मग गुराखी उठेल: वाघ आज कुठे हे तुम्हाले ठाऊक, मले काहून सांगत नाही? सांगावं तर शिकाऱ्यालाही कळेल. न सांगावं तर गुराख्याच्या जिवावर बेतेल. याचं तयार उत्तर कोणाकडेच नाही, म्हणून तर हा प्रवेश आधी लिहून ठेवायचा नाही. आणि झाडाला बांधलेला कॅमेरा? वाघाबरोबर तो पहाटे जंगलात गेलेल्या बाईलाही टिपतो. तो फोटो कोण बघतं, कोण पुसतं?

संशोधनाची थट्टा होईल म्हणता? होऊ द्या. सोंगाड्याच्या एका प्रश्नानं जे कोसळतं, त्या संशोधनानं वाघाच्या अंगाला हात लावू नये. झाडीपट्टीची नाटकं करणाऱ्या वडशाच्या कंपन्यांनाही एक विचारतो: घरच्या भांडणांवर रात्रभर मांडव भरवता, एक प्रवेश वाघाला द्यायला काय जातं?

आधी बोलून मग ठरवायची रीत आपल्याकडे आहेच: गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यास गट आधी विषय चर्चून घेतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. म्हणून आमची मागणी: तातडीची धरपकड सोडून, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्रत्येक कॉलर-प्रकल्पानं कॉलर चढवण्याआधी एक रात्र आणि उतरवल्यावर एक रात्र गावच्या दंडारीत उभं राहावं. खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा. पहिल्या रात्री निघालेले आक्षेप परवानगीच्या अर्जाला जोडावेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो; ग्रामसभांनी ठराव त्याआधी घ्यावा.